पहिला ठोका रिकामा: वेंगुर्ल्याहून वालेन्सियाला जाताना लागलेली कागदपत्रं

मामा बोटीवर होता. क्रूझवर, लॉन्ड्रीत. १९९६च्या मे महिन्यात तो सुटीवर आला तेव्हा त्याच्या बॅगेत साबण होते, चॉकलेटं होती आणि जमैकातल्या ओचो रिओसच्या धक्क्यावर घेतलेली रेगेची, म्हणजे तिथल्याच संगीताची, एक कॅसेट होती. कव्हरवर कुणाचंही नाव नाही, नुसते लाल-पिवळे-हिरवे पट्टे. मी अकरा वर्षांचा. जमैका म्हणजे कोर्टनी वॉल्शचं गाव, याच्यापलीकडे मला काही माहीत नव्हतं.

घरात वाजणं नवीन नव्हतं. आजोबा भजनात पखवाज वाजवायचे. डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, असली की दुपारपासून कणीक मळून ठेवणं हे माझं काम. पखवाजाच्या डाव्या पुडीला कणकेचा गोळा थापला की आवाज खाली उतरतो, पोटात येतो. गोळा लहान झाला तर 'धूम'चा 'धम' होतो आणि आजोबा माझ्याकडे बघतात. त्या कॅसेटमधला खालचा आवाज मला या कणकेसारखा वाटला. आईला मात्र गाणं बिघडलेलं वाटलं. भाकरी थापता थापता म्हणाली, "झिला, ह्या गाण्याचो पयलो ठोको खंय गेलो?"

तिचं बरोबर होतं. भजनात सगळे समेवर येऊन पडतात. रेगेच्या 'वन ड्रॉप' नावाच्या ठेक्यात चारातली पहिली मात्रा ड्रमर सोडून देतो आणि तिसरीवर बास ड्रम आणि स्नेअर एकदम मारतो. दुसऱ्या-चौथ्यावर गिटारची कापल्यासारखी छाट, आणि या सगळ्याखाली बास गिटार स्वतःची वेगळी चाल बोलत असतो. हे मला कळायला पुढची दहा वर्षं गेली. शिकवणारं कुणी नव्हतं. कॅसेट पुन्हा पुन्हा मागे नेऊन एकेक ओळ उचलायची, एवढीच शाळा.

२००५ला म्हापशात साडेसहा हजारांना जुना बास गिटार घेतला. दिवसा एका साउंडवाल्याकडे वायरी गुंडाळायच्या, रात्री किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवायचं. ऑक्टोबर ते मे सीझन, पैसे रोख. पर्यटकांना ओळखीची चार-पाच गाणीच हवी असत. ती मी इतक्या वेळा वाजवलीत की आज कुणी फर्माईश केली तर बोटं आपोआप चालतात आणि डोकं भाजी काय न्यायची याचा विचार करतं. २०१६ला गोव्यात पहिलं गोवा सनस्प्लॅश, म्हणजे रेगे महोत्सव, झालं. दिल्लीच्या रेगे राजाज मंडळींनी उभं केलेलं. तिथे गर्दीत उभं राहून कळलं की आपल्याच देशात लोक स्वतःची गाणी बांधून रेगे करतायत. पुढच्या वर्षी आम्ही चौघं जमलो. गाणारी आणि गिटार वाजवणारी पणजीची, ड्रमर कुडाळचा, कीबोर्डवाला मडगावचा, आणि मी.

इथवरचं थोडक्यात सांगितलं, कारण ही पोस्ट खरं तर पुढच्या भागासाठी आहे. परदेशात वाजवायला जायचं म्हणजे काय काय लागतं हे आम्हाला कुणीही नीट सांगितलं नव्हतं.

पहिलं बोलावणं २०२२ला युरोपातल्या एका देशातून आलं. आनंदात आम्ही सगळं उलट क्रमाने केलं. आधी पोस्टर, मग तिकिटं बघणं, शेवटी पासपोर्ट. ड्रमरकडे पासपोर्टच नव्हता. फी साधी, दीड हजार. पण शाळेच्या दाखल्यावर त्याचं नाव एक, आधारवर दुसरं. एका काना-मात्रेचा फरक. आधार दुरुस्त करून घेण्यात सात आठवडे गेले. मग पोलीस पडताळणीला आलेल्या हवालदारांनी विचारलं, "काम काय करता?" तो म्हणाला, बँडमध्ये आहे. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि जाताना चुलत्यांच्या लग्नाची तारीख सांगून वरातीचा दर विचारला.

कीबोर्डवाल्याची गोष्टच वेगळी. त्याच्या वडिलांचा जन्म १९६१च्या आधीचा, म्हणजे पोर्तुगीज अमलातला. घरच्यांनी ती नोंद लिस्बनला करून घेतली आणि त्याला पोर्तुगीज पासपोर्ट मिळाला. भारतीय नागरिकत्व सोडावं लागलं, तो आता परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर स्वतःच्याच घरात राहतो. पण युरोपात जायला त्याला व्हिसा लागत नाही. आम्ही तिघं फायली घेऊन धावत असताना तो बाकावर बसून आमच्या बॅगा सांभाळायचा. गोव्यात अशी घरं पुष्कळ आहेत, त्यामुळे बँडमध्ये कुणाचा पासपोर्ट कुठला, हे पहिल्या दिवशी विचारून घ्या.

२३ ऑगस्ट २०२२, मुंबईतलं व्हिसा केंद्र. शेंगेन व्हिसाला (युरोपातल्या बहुतेक देशांसाठीचा एकच व्हिसा) दहाही बोटांचे ठसे देतात. माझे उठेनात. बास वाजवून डाव्या हाताच्या चारही बोटांना घट्टे, उजव्याच्या पहिल्या दोन बोटांची त्वचा काचेसारखी गुळगुळीत. यंत्र लाल दिवा दाखवी आणि काचेपलीकडची मुलगी दर वेळी "जोरसे दबाइए" म्हणे. पाचव्यांदा तिने विचारलं, "मेहंदी लगाई थी क्या?" मी घट्टे दाखवले. मग तिने ओला टिश्यू दिला. बोटं ओलसर करून, हलकी टेकवून, नवव्या वेळी हिरवा दिवा लागला. वादकांनो, आठवडाभर आधीपासून रात्री हाताला ग्लिसरीन किंवा खोबरेल लावा. आणि दाबू नका, दाबलं की रेषा आणखी सपाट होतात.

१४ सप्टेंबरला पासपोर्ट परत आले. आत छापील फॉर्म, ठरावीक कारणांची यादी, त्यातल्या एका चौकोनात खूण: व्हिसा संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. तिघांचाही. प्रत्येकी ८० युरो फी गेली, ती परत मिळत नाही. मला राग आला तो असा की मी कुठे पळून जाणार? घरी आजोबांचा पखवाज आहे, आई आहे, पावसाआधी कौलं शाकारायची असतात. पण हे कागदावर कुठे होतं? राग उतरल्यावर फाइल पुन्हा उघडून बघितली. इतकी वर्षं कमावत होतो आणि बँकेच्या पासबुकात त्याचा मागमूस नव्हता. आयकर रिटर्न एकही नाही. आयोजकांचं पत्र म्हणजे चार ओळींचा ईमेल. मी त्या अधिकाऱ्याच्या जागी असतो तरी खूण तिथेच केली असती.

मामा तोवर निवृत्त होऊन घरी आला होता. त्याने त्याचं कातडी पाऊच दाखवलं. त्यात सीडीसी (बोटीवरच्या नोकरीचं नोंदपुस्तक), लसीकरणाचं पुस्तक, प्रत्येक कंत्राटाची प्रत, तारखेनुसार लावलेलं. "बोटीर चडताना कागद बगतत, माणूस नंतर," म्हणाला.

तिथून पुढची दीड वर्षं आम्ही कागद बनवण्यात घालवली. खोटे नव्हे, जे होतं तेच कागदावर आणण्यात. शॅकवाल्यांना पैसे खात्यात टाकायला सांगितलं. दोघांनी त्यानंतर बोलावणंच बंद केलं, ते नुकसान धरून चाला. कुडाळच्या सीएकडे प्रत्येकी अडीच हजार देऊन २०२२च्या डिसेंबरअखेर उशिराचं रिटर्न भरलं, पुढचं जुलै २०२३मध्ये वेळेत. आमची सात गाणी आयपीआरएसकडे नोंदवली. ही संस्था गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करते. आम्हाला आजवर मिळालेल्या रॉयल्टीत चौघांचा चहा होईल, वडापाव नाही. पण 'हा माणूस संगीतकार आहे' असं आमच्याशिवाय दुसरं कुणीतरी म्हणतंय, असा तो आमचा पहिला कागद.

५ फेब्रुवारी २०२४ला स्पेनमधून मेल आला. दोनच दिवसांपूर्वी फॅमिली मॅन बॅरेट गेले होते, बॉब मार्लीच्या वेलर्स बँडचे बासवादक. मामाच्या कॅसेटवरच्या निम्म्या ओळी त्यांच्या होत्या हे मला तिशीत कळलं. त्या आठवड्यात मी तेच वाजवत बसलो होतो, त्यामुळे मेल दोन दिवस उघडलाच नाही. वालेन्सिया आणि आसपास तीन कार्यक्रम, १०, ११ आणि १५ ऑगस्टला. मानधन तिन्हींचं मिळून १,८०० युरो, राहण्याची सोय, प्रवासासाठी वेगळे १,२०० युरो.

या वेळी मी लगेच होकार दिला नाही, आधी कागद मागितले. सही-शिक्क्याचं आमंत्रणपत्र, त्यात चौघांची पासपोर्टप्रमाणे नावं, पासपोर्ट क्रमांक, प्रत्येक कार्यक्रमाची तारीख आणि जागेचा पत्ता, राहण्याचा पत्ता, कोणता खर्च कोण करणार. सोबत करारनामा. स्पेनमध्ये मोजक्या कार्यक्रमांसाठी येणाऱ्या कलाकाराला वेगळा कामाचा परवाना लागत नाही. सलग पाच दिवस किंवा सहा महिन्यांत वीस दिवसांपर्यंत कार्यक्रम चालतात. आयोजकांनी हे पत्रात स्वतःहून लिहून दिलं, तुम्हीही लिहून घ्या. पत्र हातात पडायला मार्च संपला.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण तारीख मिळाली पाहिजे ना! एप्रिल-मे म्हणजे अख्खा महाराष्ट्र युरोपला निघालेला असतो. रोज सकाळी साडेआठला लॅपटॉप उघडून बसायचं. आम्हाला मिळाली १९ जून. आणि ११ जूनपासून शेंगेनची फी ८०वरून ९० युरो झाली. आठ दिवसांनी हुकलो.

१८ जूनला संध्याकाळी कुडाळला कोकणकन्या पकडली. पावसाळी वेळापत्रक १० जूनलाच लागू झालेलं. ड्रमर जुन्या वेळेच्या हिशेबात होता, रिक्षातून अक्षरशः उडी मारून डब्यात चढला. फाइल तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली. त्यात काय होतं ते एकदा सांगतो. पासपोर्ट आणि त्यात दोन कोरी पानं, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो, ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवास विमा (माझा १,३५० रुपयांना आला), सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट बँकेच्या शिक्क्यासह, दोन वर्षांची रिटर्न, तिकिटाचं नुसतं आरक्षण, आमंत्रण, करार, आयपीआरएसचं पत्र, आणि पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोव्यात आमचे जे कार्यक्रम ठरले होते त्यांची हॉटेलांकडून आलेली लेखी पत्रं. हे शेवटचं मला वाटतं सगळ्यात उपयोगी पडलं. परत येऊन काय करणार याचं उत्तर त्यात होतं. घराचा सातबाराही इंग्रजी भाषांतरासह जोडला. त्यावर माझ्यासकट एकोणीस नावं आहेत, कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

सोबतच्या अर्जपत्रात २०२२चा नकार पहिल्याच परिच्छेदात लिहिला आणि तेव्हा काय कमी होतं, आता काय जोडलंय तेही. लपवण्यात अर्थ नाही, त्यांच्या संगणकात ते दिसतंच. त्याच संगणकामुळे एक फायदाही झाला. बोटांचे ठसे ५९ महिने चालतात, म्हणून या वेळी माझे पुन्हा घेतले नाहीत. २०२२च्या त्या सगळ्या खटाटोपातून तेवढी नऊ वेळा टेकवलेली बोटं कामाला आली.

मग वाट बघणं. नियमाने पंधरा दिवस, काही वेळा पंचेचाळीसपर्यंत. ट्रॅकिंगचं पान मी दिवसातून किती वेळा उघडत होतो ते सांगत नाही. तालीम मात्र त्या दिवसांत वाईट झाली. ड्रमर घाई करायचा, आणि घाई झाली की त्याचा पाय आपोआप पहिल्या मात्रेवर पडायचा. लहानपणापासून आरत्या वाजवलेला पाय तो. एकदा वैतागून मी म्हटलं, तिथे मनातल्या मनात 'विठ्ठल' म्हण आणि गप्प राहा. त्याने खरंच तसं केलं. अजूनही करतो. १२ जुलैला पासपोर्ट आले, तिघांचेही व्हिसा मिळाले. तिकिटं त्याच दुपारी काढली, ५८,००० रुपये माणशी. आधी काढली असती तर स्वस्त पडली असती, पण ते धाडस आमच्याच्याने होईना.

वाद्याबद्दल दोन गोष्टी. माझ्या आताच्या बासची बोटांखालची पट्टी शिसवी. २०१७ला शिसवाच्या सगळ्या जाती सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत गेल्या तेव्हा वाद्यांनाही परवाने लागायला लागले होते. तसला एक जुना लेख रात्री वाचून माझी झोप उडाली. २०१९च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे भारतीय शिसवाच्या पट्टीसाठी घाबरू नका. दुसरी गोष्ट कस्टम्सची. महागडं वाद्य घेऊन जात असाल तर जातानाच विमानतळावर एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, नाहीतर येताना 'हे तिकडे विकत घेतलं का' हा वाद होऊ शकतो. पण वाद्य चेक-इनच्या पट्ट्यावर जाण्याआधी हे करायचं असतं, कारण ते वाद्य आणि त्याचा क्रमांक डोळ्यांनी बघतात. खरेदीचं बिल जवळ ठेवा. मला पाऊण तास लागला. कडक केस ७,८०० रुपयांची, तिच्यात कंजूषी केली नाही. तारा मात्र सैल करून ठेवा.

७ ऑगस्टला निघालो. कार्यक्रमांबद्दल फार लिहीत नाही. पहिल्या दिवशी साठेक माणसं होती, तिसऱ्या दिवशी चारशेच्या आसपास. पहिल्या कार्यक्रमात माझ्या तळहाताला इतका घाम होता की दुसऱ्या गाण्यात मी सुरुवातीच्या चार मात्रा वाजवल्याच नाहीत. कुणाच्या लक्षात आलं नाही. रेगेत बासने गप्प राहणं हे वाजवण्यातच मोजतात, त्याचा मला असा गैरफायदा मिळाला.

१६ला बेनिकासिमला रोटोटॉम हा रेगे महोत्सव सुरू झाला. ऐकायला गेलो, तिकीट काढून. हा महोत्सव मुळात १९९४ला इटलीत सुरू झाला आणि २०१०पासून स्पेनच्या या किनाऱ्यावर आहे. डब अकॅडमीच्या भागात (डब म्हणजे बास पुढे आणलेलं रेगे) स्पीकरच्या उभ्या भिंती, आणि बास चालू झाला की पॅन्टचं कापड पोटरीवर थरथरतं. मी डोळे मिटून भिंतीपासून दहा पावलांवर उभा राहिलो. छातीत कुणीतरी कणीक मळतंय असं वाटत होतं. शेजारी एक म्हातारे जमैकन गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. मी भारतातला कळल्यावर त्यांनी विचारलं, तिकडे जेवणात करी बोकडाची करतात का. १८४५ला पहिलं जहाज भारतीय मजूर घेऊन जमैकाला गेलं, तेव्हापासून ती करी त्यांच्याकडे त्यांचीच आहे. आम्ही अर्धा तास बोकडावर बोललो, संगीतावर एक शब्द नाही.

आता पैसे, कारण यावर कुणी लिहीत नाही. १,८०० युरोंमधून स्पेनने २४ टक्के कर कापला, हातात १,३६८. कलाकाराचं उत्पन्न जिथे कार्यक्रम झाला तो देश करपात्र धरू शकतो, दोन देशांमधल्या कर-करारातच तसं आहे. मला वाटलं होतं कीबोर्डवाल्याला तरी युरोपियन म्हणून १९ टक्के लागेल, पण तो दर राहण्याच्या ठिकाणावरून ठरतो, पासपोर्टवरून नाही. पहिल्यांदाच तो आमच्या रांगेत आला. कापलेला कर इकडे (आमच्या वेळी फॉर्म ६७ भरून) वळता करून घेता येतो, त्यासाठी आयोजकांकडून कर कापल्याचा दाखला घ्या. पण वजावट आपल्या इथल्या कराइतकीच मिळते. आमचं उत्पन्न इतकं कमी की इथे कर शून्य, म्हणून वजावटही शून्य. सीएने हे सांगितलं तेव्हा मी नुसता पंख्याकडे बघत होतो. पुढच्या वेळी बोलणी करताना पहिला प्रश्न हाच: आकडा कर कापून आहे की कापायच्या आधीचा?

रक्कम खात्यात आली २७ सप्टेंबरला. बँकेने परपज कोड (परदेशातून आलेले पैसे कशाचे, त्याचा क्रमांक) विचारला आणि करारनामा मागितला, तो मेलवर तयार ठेवा. हिशेब असा: तिकिटं २,३२,०००. तिघांचे व्हिसा सेवाशुल्कासह २९,१००. विमा ५,४००, मुंबईची फेरी ११,०००, तिथला प्रवास आणि खाणं ३८,०००, केस ७,८००. एकूण ३,२३,३००. आलेले, प्रवासखर्च धरून, २,३२,०००. तूट ९१,३००, माणशी बावीस हजार आठशे. ड्रमरने त्याची तूट गणपतीच्या दिवसांत वाजवून भरून काढली. माझी अजून थोडी बाकी आहे.

परत आल्यावर मामाकडे गेलो. तो ओसरीवर जाळं शिवत होता. सोळा वर्षं बोटीवर, पण लॉन्ड्रीवाल्यांना बंदरात दोन-तीन तासांच्यावर सुटी मिळत नसे. त्याने पाहिलेला जमैका म्हणजे धक्का, धक्क्याचं गेट आणि गेटबाहेरचा कॅसेटवाला. कार्यक्रम कसे झाले वगैरे त्याने विचारलं नाही. सुई थांबवून म्हणाला, "बंदराभायर जावंक गावला मां तुका?"

मी बेनिकासिमच्या गाडीचं तिकीट काढून दिलं. त्याने चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचलं, पाऊच मागवलं, आणि तारीख बघून मागच्या कप्प्यात लावून ठेवलं.